यंत्रामागची भिंत

गेल्या महिन्यात सूनबाईने तिचा मोबाईल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "बाबा, हे मागवू का तुमच्यासाठी?" पडद्यावर एक पांढरं, देखणं यंत्र होतं. घरातली हवा शुद्ध करणारं. जाळी नाही, पंखा नाही, आवाज नाही; हवेत म्हणे विजेचे कण सोडतं आणि धूळ आपोआप खाली बसते. थंडीत मला धाप लागते, घरासमोर रस्त्याचं काम चालू आहे, दिवसभर धुरळा आत येतो, म्हणून बिचारीने शोधून काढलं होतं. घ्यावं की नाही, एवढाच तिचा प्रश्न. मी नको म्हणालो. तिने विचारलं, का? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पन्नासहून अधिक वर्षं पडून आहे आणि ते मी कुणालाच दिलेलं नाही. तिलाही दिलं नाही. चहा थंड होतोय असं काहीतरी म्हणून उठलो.

उत्तर माझं नाहीच. ते सोनुने सरांचं आहे. आता लिहिलं नाही तर राहून जाईल. आणि खरं सांगायचं तर लपवून ठेवण्याचाही आता शीण येतो.

वामन सोनुने आमच्या शाळेत विज्ञान शिकवत. मूळचे देऊळघाटचे. आमची शाळा आताच्या मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्यापासून सायकलच्या अंतरावर असलेल्या एका गावात होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. महाराष्ट्र राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती. गावात वीज नवी होती आणि ती मुख्यतः जिनासाठी आली होती. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. दिवाळीपासून चैत्रापर्यंत तो चालायचा आणि तेवढे महिने गावावर रुईचा बारीक भुगा उडत राहायचा. झाडांवर, भाकरीवर, वहीच्या पानांवर. मी तिथे चित्रकला शिक्षक होतो, हंगामी. वय बावीस.

सर ठेंगणे, काटक, चाळिशीच्या पुढचे. बायको बाळंतपणात गेली होती, पुन्हा लग्न केलं नाही. सदऱ्याच्या खिशात कायम दोन रुमाल. एक नाकासाठी, दुसरा पाहण्यासाठी. कुठे बसायचं झालं की दुसऱ्या रुमालाने जागा पुसायची, रुमाल डोळ्यांजवळ नेऊन काय निघालं ते पाहायचं, मग बसायचं. लोकांना वाटे हा माणूस सोवळ्याचा आहे. सोवळं काही नव्हतं. कुणाच्याही घरी जेवत. त्यांना फक्त काय निघालं ते पाहायचं असे.

"माहीत आहे" हा शब्द त्यांच्या वर्गात चालत नसे. पाह्यलं आहे, वाचलं आहे किंवा ऐकलं आहे, या तिन्हींपैकी काय ते सांगायचं. प्रयोगवहीतही मुलांना तसे तीन रकाने आखायला लावत. एकदा शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी सातवीतल्या एका मुलाला विचारलं, पृथ्वी गोल आहे हे तुला माहीत आहे ना? मुलगा उभा राहून म्हणाला, "वाचलं आहे साहेब, पाह्यलं नाही." साहेब रागाने सरांकडे वळले. सर शांतपणे म्हणाले, "बराबर सांगते तो. मीबी वाचलंच आहे." शेरेबुकात काय लिहिलं गेलं ते आम्हाला मुख्याध्यापकांनी दाखवलं नाही, पण पुढचे पंधरा दिवस ते सरांशी बोलत नव्हते.

आमच्या खोल्या एकमेकींना लागून होत्या. मी बहुतेक वेळा त्यांच्याकडेच जेवायचो. ज्वारीची भाकर, ठेचा आणि कधी वरण. खिडकीच्या फळीवर ते काचेची एक पट्टी ठेवत, तिला एरंडेलाचं बोट लावून. संध्याकाळी ती भिंगाखाली धरून किती कण चिकटले ते मोजत. मी विचारलं, काऊन मोजता? म्हणाले, "जिन चालू झाला की किती येते ते समजते. बाकी काही नाही."

माझी चित्रं त्यांना आवडत नसत आणि ते तसं सांगत. मी एकदा कडुनिंबाचं पान काढलं होतं, दोन्ही बाजू अगदी सारख्या, सुबक. सरांनी बाहेर जाऊन झाडाचं पान तोडून आणलं आणि कागदावर ठेवलं. देठाजवळ त्याची एक बाजू दुसरीपेक्षा बारीक होती. "गजाननराव," ते म्हणाले, "हे तुमी ऐकलेलं पान काढलं." त्या दिवसापासून मी पाहून काढायला शिकलो. चित्रकलेच्या परीक्षेत जे शिकलो नव्हतो ते त्यांनी एका पानात शिकवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

जिनाचे मालक भाऊसाहेब हेच आमच्या संस्थेचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. शाळेची इमारत त्यांच्या जागेत होती आणि ते भाडं घेत नसत. त्यांचं घर जिनाला लागूनच. पत्नीला सारं गाव माई म्हणे. दिवाळीत प्रत्येक मास्तरच्या खोलीवर चिवड्याचा डबा पाठवणारी बाई. तिला दमा होता. जिन चालू झाला की ती पाठीला तीन उशा लावून बसूनच असे.

एका वर्षी भाऊसाहेबांच्या पुतण्याने मुंबईहून एक यंत्र आणलं. रेडिओएवढी तपकिरी पेटी, पुढे बारीक सुयांची रांग. बटन दाबलं की सुयांच्या टोकांशी निळसर काहीतरी दिसायचं आणि खोलीत वीज पडून गेल्यासारखा वास यायचा. ते हवा शुद्ध करतं, असं पुतण्याने सांगितलं. सारं गाव पाहायला येऊन गेलं. पुतण्याला मलकापूर, खामगाव, बुलढाणा या भागात ही यंत्रं विकायची होती. छापील पत्रकावर त्याला डॉक्टरचा अभिप्राय हवा होता. डॉक्टर तयार होईना, तेव्हा विज्ञान शिक्षकाचा चालेल असं ठरलं. सरांना बोलावणं आलं. ते मला घेऊन गेले.

पुतण्या बराच वेळ बोलला. सर "पाहून सांगतो" एवढंच म्हणाले. तो बाहेर गेल्यावर माईने हळूच विचारलं, "मास्तर, ह्या डब्ब्यानं मले बरं वाटते का?"

मला हसू आलं. सरांना आलं नाही. ते म्हणाले, "ते तुमालेच समजन ना, माई."

"सगळे म्हणतात बरं वाटते. येनारा जानारा हरेक जन म्हनते. मले काही समजत नाही आता."

सरांनी तिथेच प्रयोग ठरवला. आठ दिवस यंत्र चालू, आठ दिवस बंद. जिन दोन्ही वेळा चालू असला पाहिजे, खिडकी दोन्ही वेळा सारखीच उघडी. उशाशी एक तेलाची काच, यंत्रामागच्या भिंतीला एक. आणि खोकल्याची उबळ आली की माईने सरकीचा एक दाणा वाटीत टाकायचा. चालू असताना पितळेच्या वाटीत, बंद असताना जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या. सरकीला त्या घरात तोटा नव्हता. माईला हे सारं फार आवडलं. कुणीतरी तिला तिच्याच दुखण्यात काम दिलं होतं.

चालूच्या आठवड्यात यंत्रामागची पांढरी भिंत काळवंडू लागली. चंद्राला खळं पडतं तसं पेटीच्या आकाराभोवती एक काळसर वर्तुळ उमटलं आणि रोज थोडं थोडं मोठं झालं. सर रोज त्याच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून बाजूला तारीख घालत. मला म्हणाले, "याचं चित्र काढा. पाह्यलेलं." मी वहीत काढलं, माप घेऊन, रेघा आणि तारखांसकट. सरांनी खाली सही केली, मीही केली.

सोळा दिवसांनी सरांनी एका कागदावर निष्कर्ष लिहिला. तो मला अजून जवळजवळ पाठ आहे. उशाजवळच्या काचेवर यंत्र चालू असताना कण थोडे कमी होते. हे त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं, कारण ते खरं होतं. मी म्हणालो, हे कशाला लिहिता, त्याच्याच फायद्याचं आहे. "त्याच्या फायद्याचं असंन तर त्याले मिळू दे. पाह्यलं ते लिहिलं." पुढे लिहिलं होतं की हवेतली धूळ नाहीशी होत नाही, ती भिंतीला, गादीला, पांघरुणाला जाऊन चिकटते आणि झटकली की पुन्हा उठते. सुयांतून येणारा वास ज्या वायूचा आहे तो फुप्फुसांना झोंबतो, हे वाचलेलं आहे. पितळेची वाटी जर्मनच्या वाटीपेक्षा बरीच जास्त भरली, हे पाहिलेलं आहे. एका माणसावरून सगळं ठरवता येत नाही, हेही लिहिलं. सल्ला असा की यंत्र बंद ठेवावं, जिनाच्या बाजूची खिडकी हंगामात लावून घ्यावी, खोली झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि शेवटची ओळ: जिनातला भुगा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं तोंड घराकडे आहे, ते फिरवावं.

ही शेवटची ओळ लिहिली नसती तर कदाचित निभावलं असतं. पत्नीच्या दम्याचं कारण आपला जिन आहे, हे भाऊसाहेबांना सही करून कुणी लिहून दिलं नव्हतं. शिवाय गावच्या दवाखान्याला असंच एक यंत्र देणार असल्याचं ते चार लोकांत बोलून बसले होते. पुतण्याने तर सांगायला सुरुवात केली की मास्तरने पेटी उघडली, सुया वाकवल्या, तेव्हापासून ती नीट चालत नाही. सरांनी पेटीला हात लावला नव्हता. बटनही माईच दाबायची. संस्थेची बैठक ठरली. सरांनी आपलं म्हणणं सिद्ध करावं, नाहीतर नोकरी सोडावी.

सर निर्धास्त होते. म्हणाले, "सिद्ध काय करायचं? वाट्या आहेत, भिंत आहे. या म्हणाव अन् पाहून घ्या."

त्याच महिन्यात भाऊसाहेबांच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नघराची सफेदी करून दाराशी गणपती, वेलबुट्टी आणि वधूवरांची नावं रंगवण्याची पद्धत आहे आणि गावात चित्रकला शिक्षक असला की ते काम त्याच्याकडे येतं. मी चार दिवस तिकडेच होतो. बैठकीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक तिथे आले. दारावरचा गणपती चांगला झाला म्हणाले. मग म्हणाले, "माईच्या खोलीलेबी हात मारून टाका. पावन्यांच्या नजरेत ती काळी भिंत नको." जाता जाता त्यांनी सांगितलं की जूनपासून माझं कायमचं करण्याचं भाऊसाहेबांच्या मनात आहे. दोन्ही वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. घरी आई होती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या. हे कारण म्हणून लिहीत नाही. तेव्हा ते कारण वाटलं होतं, एवढंच.

मी चुन्यात नीळ घालून भिंतीवर हात मारला. पहिल्या हातात काळं वर्तुळ तसंच दिसत होतं. दुसऱ्या हातात ते गेलं, पण पेन्सिलच्या रेघा आणि तारखा दिसत होत्या. तिसऱ्या हातात त्याही गेल्या. माईची खाट ओसरीवर काढली होती. तिथून तिला सगळं दिसत होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "ते पुसून राह्यले का तुमी?"

मी म्हणालो, "लग्नाचं घर आहे, माई."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्याकडेच पाहत राहिली.

बैठक शाळेच्या ऑफिसात झाली. भाऊसाहेब धरून पाच सभासद, मुख्याध्यापक, पुतण्या, सर आणि साक्षीला मी. सरांनी कागद वाचला आणि वाट्या मागवल्या. निरोप्या परत आला तो रिकाम्या वाट्या घेऊन. लग्नासाठी भांडी घासायला काढली तेव्हा घरच्या बाईने दोन्ही वाट्यांतली सरकी म्हशीच्या आंबोणात टाकली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे वाटीत पडलेली सरकी दिसली की कुणीही तेच करील. सभासद पोट धरून हसले. एकाने विचारलं, म्हशीचा दमा बरा झाला का. सरही थोडे हसले. म्हणाले, ठीक आहे, भिंत पाहू.

सगळे उठून माईच्या खोलीत गेले. भिंत पांढरीशुभ्र होती. सर तिच्याजवळ गेले, खिशातला दुसरा रुमाल काढला, भिंतीवर फिरवला आणि पाहिला. रुमालावर ओलसर चुना आला. मग ते वळले आणि त्यांची नजर माझ्या हातांवर पडली. चुन्याने बोटांची टोकं फाटली होती आणि नखांत नीळ होती.

भाऊसाहेब मला म्हणाले, "मास्तर, तुमी सोबत होते. सांगा, भिंतीवर काय दिसते?"

चित्राची वही माझ्या खांद्याच्या पिशवीत होती. सरांना ते ठाऊक होतं. त्यांना फक्त "गजाननराव, वही दाखवा" एवढं म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत. थांबले.

मी म्हणालो, "भिंत पांढरी आहे."

कुणीतरी सरांना विचारलं, आता काय म्हणणं आहे. सर म्हणाले, "गजाननरावांनी पाह्यलं ते सांगितलं. भिंत पांढरीच आहे." आणि रुमालाची घडी घातली, चुना आतल्या बाजूला ठेवून.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर येऊ नका, असं संस्थेने त्यांना कळवलं. ते गेले तेव्हा मी बहिणीच्या सोयरिकीसाठी गेलो होतो. तसं मी ठरवूनच गेलो होतो. परत आलो तर शेजारची खोली रिकामी होती. खिडकीच्या फळीवर काचेची पट्टी होती, तेल पुसून स्वच्छ केलेली. जूनमध्ये मी कायम झालो.

माई पुढच्या पौषात गेली. जिन चालू होता, खिडकी उघडी होती, यंत्र चालू होतं. यंत्राने तिला मारलं असं मी म्हणत नाही. दमा जुना होता. पण गावाने कारण ठरवून टाकलं. गाव म्हणालं की मास्तरने यंत्र बिघडवलं नसतं तर माई वाचली असती. ते इतकं म्हटलं गेलं की पुढची पिढी तेच ऐकून मोठी झाली. सात-आठ वर्षांपूर्वी गावच्या एका कार्यक्रमात माझा सत्कार होता. माझ्याच एका विद्यार्थ्याने, आता तोही म्हातारा, भाषणात शाळेच्या गमती सांगताना ती गोष्ट सांगितली: माईचं यंत्र मोडणारा वेडा सोनुने मास्तर. लोक हसले. मी गळ्यातल्या हाराशी चाळा करत बसलो.

म्हणून आता लिहितो, त्यांच्याच पद्धतीने. सोनुने सरांनी यंत्र बिघडवलं, हे लोकांनी फक्त ऐकलं आहे. अशी यंत्रं धूळ भिंतींना आणि पांघरुणांना चिकटवतात, काहींतून निघणारा वायू धाप लागणाऱ्याला बाधतो, आणि जाळीतून हवा गाळणारी यंत्रं निराळी असतात, हे नंतरच्या काळात मी वाचलं आहे. आणि ती भिंत काळी होती, हे मी पाहिलं आहे. ती पांढरी मी केली. सरांनी पेटीला हात लावला नाही, हेही मी पाहिलं आहे. वहीतलं चित्र माझ्याजवळ आहे, दोघांच्या सह्यांसकट. हे लिहून झालं की ते चित्र सूनबाईला दाखवणार आहे. तिचा प्रश्न अजून तसाच आहे.

ते गाव सोडून गेल्यावर सरांना मी एकदाच पाहिलं. मधे दहा-बारा वर्षं गेली होती. मेहकरकडे एका लग्नाला गेलो होतो, परतताना हिवरा आश्रमाच्या थांब्यावर उतरलो. सर बाकावर बसले होते. केस पूर्ण पांढरे, सदरा तसाच. त्या भागातल्या एका लहान शाळेत शिकवतो म्हणाले. मला पाहून आनंद झाल्यासारखं त्यांनी शेजारची जागा रुमालाने पुसली, रुमाल पाहिला, आणि बसा म्हणाले. बहिणींची विचारपूस केली. मग म्हणाले, "जिनाचा पंखा फिरवला का त्याईनं?"

मी नाही म्हणालो. माई गेल्याचं सांगितलं. ते त्यांना कळलं होतं.

"मी बिघडवलं असंच म्हनतात का लोकं अजून?"

"म्हणतात, सर."

"अन् तुमी?"

मी सांगितलं, मी काही म्हणत नाही. मला वाटलं, त्यांना थोडं बरं वाटेल.

"हाव," ते म्हणाले. "तेच पाहून राह्यलो इतके वर्षं."

आवाजात राग नव्हता. त्यांची बस आली. ते चढले, खिडकीची जागा मिळाली, बसण्याआधी त्यांनी ती पुसली. बस सुटली तेव्हा ते रुमाल उजेडाकडे धरून काय निघालं ते पाहत होते. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. पिशवी माझ्या खांद्यालाच होती, आणि त्या दिवशीही वही तिच्यातच होती.